पाहिलं तेवढंच सांगितलं

गल्लीतल्या मधमाश्यांच्या बागेची सगळी जबाबदारी सिस्टरकडे होती, आणि ती त्यांनी स्वतःहून मागून घेतली होती. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळात काढली, त्यातली शेवटची अकरा बाळंतिणींच्या वॉर्डात. निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने त्या घरातली कपाटं आवरत बसल्या. चौथ्या महिन्यात आवरायला कपाट उरलं नाही. नेमका त्याच सुमारास गल्लीच्या टोकाचा जुना छापखाना पाडला गेला आणि नगरपालिकेने ती मोकळी जागा रहिवाशांना दोन वर्षांच्या बोलीवर दिली. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं यांच्या उपयोगाची बाग करा, नाहीतर आम्ही तिथे गाड्या उभ्या करू, अशी अट होती. मास्तरांनी समिती काढली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा अजून त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. समितीत नऊ जण होते. माती उपसायला आले चार, आणि रोज येणाऱ्या एकट्या सिस्टर.

विटांचे तुकडे वेचून, शाईने काळी पडलेली माती गाडीने बाहेर काढून त्यांनी वाफे केले. झिनिया, सूर्यफूल, बडीशेप, पुदिना. गावाबाहेर मध काढणाऱ्या एका माणसाने आपल्या दोन पेट्या आणून बागेच्या मागच्या भिंतीशी ठेवल्या. त्याला सगळे पेटीवाला म्हणत. बागेला लोक चेष्टेने 'माश्यांची बाग' म्हणत, पण दारावरून जाताना थांबून बघतही.

बागेच्या बरोबर समोर किल्ल्यांचं दुकान होतं. ते सिस्टरच्या धाकट्या दिराचं. सिस्टरचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. दुकानामागच्याच घरात त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत, दीर आणि जाऊ खालच्या. दर रविवारी सकाळी सिस्टर आपलं यंत्र घेऊन खाली उतरत आणि दिराचा रक्तदाब मोजत. दीर मनाने वाईट नव्हता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला अशातला. गेल्या वसंतात त्याच्या बायकोला कपडे वाळत घालताना मधमाशी डसली, तिचा चेहरा सुजून डोळे मिटले, आणि सिस्टरनीच तिला धावतपळत इस्पितळात नेलं. त्यानंतरच्या समितीच्या बैठकीत दीर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पुन्हा माझ्या बायकोला काही झालं ना, तर सांगून ठेवतो. माझ्याकडे फवारणीचा पंप आहे. एका सकाळी सगळी बाग शांत करून टाकीन."

लोक हसले. सिस्टरही हसल्या.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि येताना कुणाची भीडभाड न ठेवता आला. सकाळी नऊलाच जमीन पाय ठेवू देईना. सिस्टर पहाट फुटायच्या आत झारी घेऊन निघत, तरी दुपारपर्यंत कोवळी रोपं कागदासारखी वाळत. अर्धे वाफे करपले. आणि उन्हाळ्याच्या मध्यावर नगरपालिकेचे साहेब बाग पाहायला येणार होते. मास्तर रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून करपलेल्या वाफ्यांकडे पाहत आणि काही न बोलता जात. ते न बोलणं सिस्टरना फार लागे. वॉर्डात मोठे डॉक्टर असेच पाहून जायचे.

शेवटी एका सकाळी त्या हमरस्त्यावरच्या मोठ्या रोपवाटिकेत गेल्या आणि फुलांनी लगडलेली साठ रोपं घेऊन आल्या. साल्विया आणि लॅव्हेंडर, सगळी जांभळी, सगळी निरोगी. "बाई, एका पानाला कीड लागली तर परत घेऊन या," रोपवाटिकेवाला म्हणाला होता. संध्याकाळी चौघीजणींनी मिळून ती लावली. प्रत्येक कुंडीत प्लास्टिकची पट्टी खोचलेली होती. बाग आहे की दुकान, असं म्हणत सिस्टरनी सगळ्या पट्ट्या उपटून अवजारांच्या खोलीत एका डब्यात टाकल्या. मास्तर फाटकाशी आले आणि त्या दिवशी मात्र बोलले. "वा, सिस्टर. मानलं तुम्हाला."

दहा दिवसांनी मधमाश्या मरायला लागल्या.

पहिल्या दिवशी पायवाटेवर दहा-बारा होत्या. सिस्टरना वाटलं, उन्हाने. दुसऱ्या दिवशी पेट्यांच्या खाली सडा पडला होता. काही मेल्या नव्हत्या. त्या पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या, पाय थरथरत होते, बारीक जीभ बाहेर आली होती. सिस्टर उकिडव्या बसल्या. मरणारं काहीतरी हातात घेऊन बसण्याची त्यांना सवय होती, पण इथे नाडी कुठे धरायची ते कळेना. पेटीवाला आला, त्याने केरसुणीने सगळ्या गोळा केल्या, सुपलीत घेतल्या आणि बराच वेळ सुपलीकडे पाहत राहिला.

"विष आहे," तो म्हणाला. "कुठलं ते मला सांगता येणार नाही. पण विष आहे."

गल्लीतल्या प्रत्येकाने मान वळवून समोरच्या दुकानाकडे पाहिलं.

त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी समिती बसली. दिराला बोलावलं नव्हतं. सिस्टरच्या मांडीवर एक डबी होती आणि डबीत मेलेल्या माश्या. त्यांना फार राग आला होता. वॉर्डातही एखादं बाळ दगावलं की त्यांना आधी हेच हवं असे: कुणाचा हात चुकला? ते कळल्याशिवाय त्यांना रडू येत नसे.

"सिस्टर, तुम्ही त्यांच्या घरच्या," मास्तर म्हणाले. "तुम्हाला अवघड आहे, कळतं मला. पण काही पाहिलं असेल तर…"

"गुरुवारी सकाळी ते दुकानाच्या मागे पंप धूत होते," सिस्टर म्हणाल्या. "मी गॅलरीतून पाहिलं."

खोलीत कुणीतरी मोठा श्वास सोडला. त्यापुढे काही विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

घरी परतताना जिन्यातच जाऊ भेटली. बातमी सिस्टरच्या आधी पोचली होती. "ताई, तुम्ही असं कसं सांगितलंत?"

"मी पाहिलं तेवढंच सांगितलं," सिस्टर म्हणाल्या, आणि ते खरं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारी माणसं थांबली. किल्ली करायची तर लोक दोन चौक ओलांडून जाऊ लागले. गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपमधून दिराचं नाव काढून टाकलं गेलं. दीर घरोघर जाऊन भांडला असता तर बरं झालं असतं. तो एकदाच मास्तरांच्या दारात गेला, "मी केलं नाही," एवढंच म्हणाला, आणि परत आला. ज्याची जीभ इतकी चालायची त्याच्याकडे त्या दिवशी दुसरं वाक्य नव्हतं. मास्तरांनी त्यावरूनही निष्कर्ष काढला.

आठवड्याने एका सकाळी दीर दुकान उघडायला आला तर शटरच्या कुलपात कुणीतरी चिकट गोंद ओतून ठेवलेला. किल्ली अर्धी आत जाऊन अडकली. वीस वर्षं दुसऱ्यांची कुलपं उघडणारा माणूस स्वतःच्या दुकानापुढे फरशीवर बसला. आधी बारीक तारेने प्रयत्न केला, मग तेल सोडलं, मग उठून घरी गेला आणि कापायचं यंत्र घेऊन आला. पाव आणायला निघालेली माणसं पिशव्या हातात धरून थांबली. ठिणग्या उडाल्या, कुलूप तुटलं. एकाने तोंडावर हात धरला, हसू लपवायला. सिस्टर समोर वाफ्यात उभ्या होत्या. हातातल्या नळीचं पाणी एकाच रोपाच्या बुडाशी जात होतं आणि तिथे डबकं झालं होतं. त्यांच्या मनात आलं, हे जास्त होतंय. दुसऱ्या क्षणी मनात आलं, पण सुरुवात कुणी केली?

त्या रविवारी त्या यंत्र घेऊन खाली गेल्या नाहीत. कुणी बोलावलंही नाही.

माश्या मात्र मरतच होत्या. तिसरा आठवडा लागला तेव्हा पेटीवाला आपली एक पेटी न्यायला आला. ती जवळजवळ रिकामी झाली होती. पेटी दोरीने बांधता बांधता तो म्हणाला, "बाई, एक सांगू? फवारा मारला ना, तर माश्या दोन-तीन दिवस मरतात. मग संपतं. हे रोज मूठभर चाललंय. हे कुणी एकदा येऊन केलेलं नाही. यांच्या रोजच्या खाण्यातच काहीतरी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ते मी कसं सांगू? बाग तुमची."

सिस्टरनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. सकाळचे साडेसात वाजले असतील. बडीशेपेवर माश्या येत होत्या, जात होत्या. झिनियावर येत होत्या, जात होत्या. जांभळ्या रोपांवर सगळ्यांत जास्त गर्दी होती. तिथून उठलेल्या काही नीट गेल्या. काही मात्र फुलाच्या कडेवर बसून पाय पुसत राहिल्या, पुसतच राहिल्या, आणि एक खाली पडली. मग थोड्या वेळाने आणखी एक. सिस्टर तासभर बसल्या. उन्हाने डोकं तापलं तेव्हा उठल्या आणि अवजारांच्या खोलीत जाऊन तो डबा शोधला.

पट्टीच्या पुढच्या बाजूला फुलाचं चित्र होतं. मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं. त्यांनी चष्मा पुसला आणि दाराच्या उजेडात पट्टी धरली. मावा, पांढरी माशी व इतर किडींपासून संपूर्ण संरक्षित. औषध मुळांतून दिलेले असून संपूर्ण रोपात पसरते. परिणाम दीर्घकाळ टिकतो.

संपूर्ण रोपात. म्हणजे पानात, फुलात, फुलातल्या मधात. सिस्टरना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अकरा वर्षं त्यांनी बाळंतिणींना हेच बजावलं होतं: बाई गं, विचारल्याशिवाय गोळी घेऊ नकोस, तू घेतलेलं औषध तुझ्या दुधात उतरतं. इंजेक्शन भरण्यापूर्वी बाटलीवरचं नाव तीनदा वाचायचं, असं त्या नव्या मुलींना शिकवत. साठ पट्ट्या त्यांनी स्वतःच्या हाताने उपटल्या होत्या आणि एकही वाचली नव्हती. त्या दिवशी चष्मा घरी होता, हात चिखलाने भरले होते. त्या तशाच खोलीत उभ्या राहिल्या आणि हे कारण स्वतःलाच दोनदा सांगून पाहिलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि त्या वळशात त्यांनी घरच्या माणसाला फरफटत नेलं होतं.

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, आधी खात्री करू. दुसऱ्या दिवशी वाटलं, साहेब सोमवारी येतायत, ते होऊन जाऊ दे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मनाशी असंही म्हटलं की भाऊजींनीच नव्हतं का सगळ्यांसमोर तोंड टाकलं? आणि हे सगळं चाललेलं असताना त्या रोज पहाटे जाऊन त्या साठ रोपांना पाणी घालत होत्या, कारण नाही घातलं तर लोक विचारतील का नाही घातलं.

चौथ्या दिवशी दुपारी जाऊ वर आली. दारातच उभी राहिली.

"ताई, यंत्र घेऊन या. ते सकाळपासून डोकं धरून बसलेत. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, रस्त्याने जायचं नाही मला. मी त्यांना न विचारता आलेय."

सिस्टर यंत्र घेऊन खाली गेल्या. दीर खिडकीपाशी खुर्चीवर होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण बाही वर केली. पट्टा गुंडाळताना सिस्टरच्या लक्षात आलं की दंड बारीक झालाय; पट्टा नेहमीपेक्षा एक वेढा जास्त गेला. रक्तदाब बराच वाढला होता. त्यांनी आकडा सांगितला.

"ठीक आहे," दीर म्हणाला. मग थोड्या वेळाने, "वहिनी, पंप धुताना तुम्ही पाहिलंत हे खरं आहे. पण पंप कशाला धुतोय, ते तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं."

"दुकानाचा पत्रा तापतो. आत बसवत नाही. दुपारी पत्र्यावर पाणी मारायला काढला होता. दोन वर्षांची धूळ होती आत, म्हणून धुतला. गॅलरीतून हाक मारली असतीत तर तिथूनच सांगितलं असतं."

सिस्टर पट्टा सोडत होत्या. त्यांचे हात थांबले. "भाऊजी, माश्या माझ्या रोपांनी मेल्या. मी आणलेल्या रोपांच्या मुळातच औषध होतं. पट्टीवर लिहिलं होतं. मी वाचलं नाही."

जावेने तोंडावर पदर धरला. दीर पहिल्यांदा त्यांच्याकडे वळला.

"कधी कळलं?"

"चार दिवस झाले."

त्याने बाही खाली केली आणि बटण लावलं. "आणि चार दिवस पाणी कुणाला घालत होतात?"

सिस्टर पट्ट्याची गुंडाळी करू लागल्या.

"मला कशाला सांगता?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मला माहीतच होतं की मी नाही केलं. ज्यांना तेव्हा सांगितलंत त्यांना सांगा."

त्याच संध्याकाळी सिस्टरनी समितीला बोलावलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. पट्टी हातोहात फिरली. समितीतल्या बेकरीवाल्याने ती दोनदा वाचली आणि मान खाली घातली. सिस्टरना वाटलं होतं, आता लोक आपल्यावर तुटून पडतील. त्यांनी तशी मनाची तयारी केली होती. पण झालं ते त्याहून वाईट. सगळे समजूतदार झाले.

"होतं असं," मास्तर म्हणाले. "तुमचा हेतू चांगला होता. आणि त्यांचंही थोडं चुकलंच ना, असं कुणी बोलतं का भर बैठकीत? आता माझं एवढंच म्हणणं आहे की सोमवारी साहेब येतायत. बाग फुललेली आहे. सोमवार पार पडू दे, मग काढा ती रोपं."

"पाच दिवस आहेत सोमवारला."

"पाचच तर आहेत."

"माझ्या वॉर्डात चुकीचं औषध चालू आहे हे कळल्यावर मोठे डॉक्टर येऊन जाईपर्यंत आम्ही सलाइन चालू ठेवत नव्हतो, मास्तर," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण चार दिवस त्यांनी नेमकं तेच केलं होतं.

"मग जागा गेली तर ती तुमच्या डोक्यावर," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सिस्टरनी हातमोजे घातले आणि पहिलं रोप मुळासकट उपटलं. फुलांवर माश्या यायच्या आत जमतील तेवढी काढायची होती. बेकरीवाला भट्टी सोडून आला, पिठाच्या हातांनी त्याने पंधरा-वीस काढली आणि पोत्यात भरली. आणखी कोणी आलं नाही. उन्हं वर आली तेव्हा सिस्टरची कंबर धरली होती आणि शेवटची सात रोपं उरली होती. त्या गुडघ्यांवर बसून पुढे सरकल्या. समोर दुकानाचं शटर वर गेलं. दीर गल्ल्यामागे बसला, किल्ली यंत्रात धरली आणि घासायला लागला. त्याने मान वर केली नाही. ती कुणाची किल्ली होती कोण जाणे. गिऱ्हाईक तर नव्हतंच.

सोमवारी साहेब आले. मधोमध उकरलेली, उघडी माती होती आणि कडेने करपून वाचलेली झिनिया. सिस्टरनी कारण सांगितलं. साहेबांनी ते लक्ष देऊन ऐकलं, लिहून घेतलं, आणि महिन्याभरात अर्धी जागा गाड्यांसाठी आखली गेली. उरलेल्या अर्ध्या जागेत, त्या मातीत, निदान पुढचं वर्षभर काही फुलवू नका असं पेटीवाल्याने सांगितलं आणि दुसरी पेटीही घेऊन गेला. मास्तरांनी सिस्टरशी बोलणं सोडलं. पण माफीचं पत्र त्यांनीच लिहिलं, शुद्धलेखन तपासून, आणि दुकानात जाऊन स्वतः वाचून दाखवलं. दिराने ते ऐकलं, घडी घालून खणात ठेवलं. गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. किल्लीसाठी दोन चौक उन्हात चालायचं कुणाला फार दिवस जमत नाही. कुलपात गोंद कुणी ओतला ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

उन्हाळा सरत आला होता तेव्हा एका दुपारी दीर वर आला. गेल्या तीन वर्षांत तो वर आला नव्हता. भावाची खुर्ची रिकामी बघवत नाही म्हणायचा. आता तो दाराजवळच्या स्टुलावर बसला. सिस्टरनी चहा ठेवला.

"वहिनी, रोपांचं मी केव्हाच सोडून दिलं," तो म्हणाला. "चूक होते. मीही एकदा चुकीच्या घराचं कुलूप तोडलंय. आत माणसं जेवत होती."

सिस्टर हसल्या नाहीत. तोही हसला नाही.

"पंपाचं सुटत नाहीये. रोज सकाळी ठरवतो, आज सोडायचं. दुपारपर्यंत टिकतं. मग आठवतं, परक्यांनी म्हटलं ते म्हटलं. तुम्ही मला तीस वर्षं ओळखता."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "ओळखते."

"तेवढंच."

"मी काय करू, भाऊजी? सांगा."

"तुम्ही करायचं असं काही उरलेलं नाही. जे करायचं होतं ते केलंत तुम्ही, उशिरा का होईना. आता माझं मन माझ्याकडे. त्याला वेळ लागेल की जमायचंच नाही, मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू? जिन्यात भेटलो की मी नीट बोलत नाही, ते तुम्हाला दिसतं. का, ते सांगायला आलो."

त्याने चहा संपवला. उठताना म्हणाला, "रविवारी खाली यायची तसदी घेऊ नका. आम्ही यंत्र घेतलंय. तिला जमतं आता मोजायला."

"नीट मोजते ना? पट्टा कोपराच्या वर दोन बोटं हवा."

"हो. दोन बोटं," तो म्हणाला आणि चपला पायात सरकवल्या.

सिस्टर दार लावायला गेल्या आणि तशाच कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तो एक एक पायरी उतरत गेला. खाली त्याच्या घराचं दार उघडलं.

"बोललात?" जावेने विचारलं.

"बोललो," तो म्हणाला, आणि दार लागलं.